वरूडहून विमानतळ किती दूर? बेलोरा, सोनेगाव आणि घर ते घर प्रवासाचा हिशोब

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबई–अमरावती प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून वरूड, मोर्शी, चांदूर बाजार भागातल्या तरुणांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मुंबईला मुलाखत आहे, कागदपत्रांची पडताळणी आहे, मंत्रालयात काम आहे किंवा घरातल्या कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचे आहे. आता विमानाने जावे का? जायचे तर अमरावतीहून जावे की नागपूरहून?

या प्रश्नाचे उत्तर तिकिटावर छापलेल्या उड्डाणाच्या वेळेत सापडत नाही. त्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात: दोन विमानतळांमधले हवाई अंतर, विमानाला प्रत्यक्ष लागणारा वेळ, आणि घराच्या दारातून निघून कामाच्या दारापर्यंत आणि पुन्हा घरी येईपर्यंत जाणारा काळ. या लेखात वरूड मध्यभागी धरून हे तिन्ही हिशोब मांडले आहेत. ही पद्धत समजली की चिखलदरा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या वाचकालाही आपल्या गावाचा हिशोब स्वतः करता येईल.

दोन विमानतळ, मध्ये एक तालुका

बेलोरा विमानतळ अमरावती शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, बडनेऱ्याच्या पुढे यवतमाळ रस्त्याच्या बाजूला आहे. तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या ताब्यात आहे. आधी इथली धावपट्टी १३७२ मीटर होती. ती वाढवून १८५० मीटर केली, तेव्हा कुठे एटीआर-७२ जातीचे प्रवासी विमान उतरवणे शक्य झाले. हे दोन पंख्यांचे, सुमारे ७० आसनांचे विमान आहे. एअरबस ३२० सारख्या मोठ्या जेट विमानांना साधारणपणे याहून लांब धावपट्टी लागते. त्यात विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते आणि उड्डाणाला आणखी लांब धाव घ्यावी लागते.

दुसरा विमानतळ नागपूरचा. जुने लोक त्याला अजून सोनेगाव म्हणतात. २००५ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले. त्याची धावपट्टी ३२०० मीटरची आहे. देशाच्या मध्यावर असल्याने स्वातंत्र्यानंतर काही वर्षे रात्रीच्या हवाई टपालाचे हे केंद्र होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. ही सेवा १९४९ मध्ये सुरू झाली. आज इथून मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळूर अशा शहरांना रोज उड्डाणे आहेत.

नकाशावर वरूडला बोट ठेवा. सरळ रेषेत बेलोरा सुमारे ९० किलोमीटर आणि सोनेगावही सुमारे ९० किलोमीटर. दोन्ही विमानतळ जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. रस्त्यानेही फार फरक पडत नाही. मोर्शीमार्गे अमरावती नव्वदेक किलोमीटर, त्यापुढे बेलोऱ्यापर्यंत आणखी पंधरा. काटोलमार्गे नागपूर विमानतळ शंभर ते एकशेदहा. त्यामुळे "आता आपल्या जिल्ह्यात विमानतळ आला, म्हणजे आपल्याला जवळ झाला" हे वाक्य अमरावती शहर, बडनेरा, नांदगाव खंडेश्वर, तिवसा या भागांसाठी खरे आहे. वरूडसाठी जिल्ह्याची हद्द आणि प्रत्यक्ष अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवाई अंतर कसे काढायचे

विमान रस्त्यासारखे वळणे घेत नाही, म्हणून दोन विमानतळांमधले अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वात जवळच्या रेषेने मोजतात. नेमके गणित किचकट असले तरी महाराष्ट्रातल्या अंतरांसाठी शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरते. नियम दोनच लक्षात ठेवायचे:

- अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर.
- रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाताना कमी होत जातो. वऱ्हाडाच्या पट्ट्यात, म्हणजे २१ अंश उत्तरेच्या आसपास, तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो.

आता बेलोरा आणि सोनेगाव घेऊ. बेलोरा २०.८१ उत्तर, ७७.७२ पूर्व. सोनेगाव २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशातला फरक ०.२८, त्याला १११ ने गुणले की ३१ किलोमीटर. रेखांशातला फरक १.३३, त्याला १०४ ने गुणले की १३८ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे १४१ किलोमीटर. वैमानिक सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे हे अंतर सुमारे ७६ सागरी मैल.

याच पद्धतीने काढलेली काही अंतरे, सर्व सुमारे:

- बेलोरा ते अकोला (शिवणी) : ७० किमी
- बेलोरा ते नागपूर : १४१ किमी
- बेलोरा ते नांदेड : १८५ किमी
- बेलोरा ते छत्रपती संभाजीनगर : २६५ किमी
- बेलोरा ते पुणे : ४७० किमी
- बेलोरा ते मुंबई : ५४० किमी
- नागपूर ते पुणे : ६०५ किमी
- नागपूर ते मुंबई : ६८० किमी
- नागपूर ते दिल्ली : ८५० किमी

तुलनेसाठी रेल्वेचे अंतर पाहा. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. हवेतून दीडशेहून अधिक किलोमीटर वाचतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या बाजूने जातो. वरूडकराला आधी तिथवर पोहोचावे लागते.

अमरावती ते नागपूर विमानाने किती वेळ लागेल?

या दोन विमानतळांमध्ये थेट प्रवासी विमान नाही. पण असते तर किती वेळ लागला असता, हे काढून पाहण्यासारखे आहे, कारण त्यातून उड्डाणाच्या वेळेचे सगळे गणित कळते.

एटीआर-७२ चा स्थिर वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. नुसता भागाकार केला तर १४१ किलोमीटरला १७ मिनिटे लागतात. पण विमान पूर्ण वेग गाठते तेच मुळी वर चढल्यावर आणि उतरताना वेग आधीपासून कमी करावा लागतो. एवढ्या कमी अंतरात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. त्यामुळे हवेतला वेळ तीस मिनिटांच्या आसपास जाईल. त्यात उभ्या जागेवरून धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे आणि उतरल्यावर परत जागेवर येणे मिळवा. वेळापत्रकात किमान पाऊण तास लिहावा लागेल.

आता प्रवाशाच्या बाजूने बघा. अमरावती शहरातून बेलोऱ्याला जायला अर्धा-पाऊण तास, उड्डाणाच्या तासभर आधी हजर राहायचे, पाऊण तास विमानात आणि सोनेगावहून शहरात यायला आणखी अर्धा-पाऊण तास. तीन तास झाले. तेवढ्याच वेळात एसटी किंवा रेल्वे नागपूरला पोहोचवते. म्हणूनच दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आतल्या शहरांमध्ये, वाटेत डोंगर किंवा समुद्र आडवा नसेल तर, प्रवासी विमान सहसा चालत नाही. अमरावती–अकोला हे ७० किलोमीटरचे अंतर तर विमानासाठी नुसते चढणे आणि उतरणे आहे.

कमी अंतराला जास्त वेळ का?

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. बेलोरा ते मुंबई ५४० किलोमीटर, सुरू झाले तेव्हाच्या वेळापत्रकात वेळ १ तास ४५ मिनिटे. नागपूर ते मुंबई ६८० किलोमीटर, जेट विमानांचा वेळापत्रकातला वेळ साधारण दीड तास. म्हणजे नागपूरहून १४० किलोमीटर जास्त जायचे आणि तरी पाव तास आधी पोहोचायचे.

पहिले कारण विमानाची जात. पंख्याचे विमान ताशी ५०० च्या आसपास जाते, तर जेट ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे. दुसरे कारण मुंबईची गर्दी. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. उतरायची पाळी येईपर्यंत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा संभाव्य उशीर आधीच धरून वेळापत्रक छापतात. तिसरे कारण वारा. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. मुंबईकडे जाताना तो समोरून लागतो आणि विदर्भाकडे येताना पाठीमागून ढकलतो. जेट उंचावरून उडते म्हणून त्याला हा फरक जास्त जाणवतो.

वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. म्हणून विमान कधी दहा-पंधरा मिनिटे 'लवकर' पोहोचले, तर नवल वाटू देऊ नका.

घर ते घर

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. वरूडच्या एका तरुणाला मंगळवारी सकाळी मुंबईत मुलाखत द्यायची आहे.

बेलोऱ्याची सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीन दिवस होते: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुंबईहून दुपारी २.३० ला निघून ४.१५ ला बेलोरा, आणि तिथून ४.४० ला निघून ६.२५ ला मुंबई. विमान कंपन्यांचे वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर असे वर्षातून दोनदा बदलते, शिवाय मधेही फेरफार होतात. म्हणून तिकीट काढताना ताजी वेळ पाहावीच. पण हिशोब समजण्यासाठी हेच वेळापत्रक धरू.

*पहिला मार्ग, बेलोरा.* सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास वरूड सोडायचे. एसटीने अमरावती, तिथून ऑटो किंवा टॅक्सीने बेलोरा. ४.४० चे विमान, ६.२५ ला मुंबई, आठपर्यंत मुक्कामाच्या ठिकाणी. एकूण नऊ तास. खासगी गाडी असेल तर साडेसात. मंगळवारी मुलाखत. पण मंगळवारी परतीचे विमान नाही. परतीचे विमान बुधवारी दुपारी २.३० ला. म्हणजे मुंबईत दोन रात्री मुक्काम. बुधवारी सव्वाचारला बेलोरा, रात्री आठच्या सुमारास वरूड. मुलाखत शनिवारी असेल तर आणखी अवघड: शुक्रवारी संध्याकाळी जायचे आणि सोमवारी यायचे. तीन रात्री.

*दुसरा मार्ग, रेल्वे.* सोमवारी दुपारी वरूड सोडायचे, संध्याकाळी अमरावती–मुंबई एक्सप्रेस धरायची. प्रवास अकरा-बारा तासांचा, पण रात्रीचा. मंगळवारी सकाळी मुंबई. स्थानकावरच्या प्रतीक्षालयात आंघोळ, मग मुलाखत. मंगळवारी रात्री परतीची गाडी, बुधवारी सकाळी अमरावती, दुपारपर्यंत वरूड. मुक्कामाचा खर्च शून्य.

*तिसरा मार्ग, नागपूर.* इथून मुंबईला रोज अनेक उड्डाणे आहेत. वरूडहून काटोलमार्गे अडीच-तीन तास, तासभर आधी हजेरी, दीड तास उड्डाण, पुढे विमानतळ ते कामाचे ठिकाण एक-सव्वा तास. एकूण सहा ते सात तास. सकाळी लवकरचे विमान आणि रात्रीचे परतीचे विमान घेतले तर एकाच दिवसात काम उरकते. मात्र त्यासाठी मध्यरात्रीनंतर वरूड सोडावे लागते. त्या वेळी एसटीचा भरवसा नाही, म्हणून गाडी भाड्याने करावी लागते किंवा आदल्या रात्री नागपूरला नातेवाइकांकडे थांबावे लागते.

तिन्ही मार्ग शेजारी ठेवा. पावणेदोन तासांचे विमान बुधवारी रात्री घरी आणते. अकरा तासांची रेल्वे बुधवारी दुपारी घरी आणते. वेगवान वाहन उशिरा आणि संथ वाहन लवकर, हा विरोधाभास वेगातून आलेला नाही, वेळापत्रकातून आला आहे. जे रोज उपलब्ध आहे आणि कामाच्या आधी पोहोचवते, तेच सामान्य माणसासाठी जवळचे.

मजुरी करणाऱ्या किंवा संत्र्याच्या बागेत हंगामी काम करणाऱ्या घरातल्या मुलासाठी हा हिशोब तिकिटाच्या पुढे जातो. मुंबईतल्या दोन रात्री म्हणजे लॉजचे भाडे, जेवण आणि तीन दिवसांची बुडालेली मजुरी. सवलतीच्या विमान तिकिटात जे वाचले असे वाटते, ते इथे निघून जाते. समाजशास्त्रात अंतराची ही दुसरी बाजू नेहमी पाहावी लागते: दोन ठिकाणांमधले किलोमीटर सर्वांना सारखे असतात, ते पार करण्याची किंमत सारखी नसते.

विमान केव्हा घ्यावे?

याचा अर्थ विमान आपल्यासाठी नाहीच असे नाही. काही प्रसंगी तेच योग्य ठरते:

- रुग्ण बसून प्रवास करू शकतो पण बारा तासांचा रेल्वेप्रवास झेपत नाही, आणि मुंबईत मुक्काम तसाही करायचाच आहे.
- काम दोन-तीन दिवसांचे आहे आणि विमानाचे वार त्याला जुळतात.
- रेल्वेचे आरक्षण मिळत नाही आणि विमानाचे तिकीट वेळेवर, सवलतीच्या दरात मिळाले.
- परदेशी शिक्षणासाठी जायचे आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विमानभाड्याचाही समावेश आहे. अशा प्रवासात मुंबई किंवा दिल्लीच्या पुढच्या विमानाची वेळ आधी पाहावी आणि मग गावाकडून निघण्याचा मार्ग ठरवावा. आठवड्यातून मोजक्या दिवशी असलेल्या विमानाला पुढचे आंतरराष्ट्रीय विमान जोडणे धोक्याचे आहे. एक फेरी रद्द झाली तर पुढची दोन दिवसांनी असते.

याउलट परीक्षा, मुलाखत, न्यायालयाची तारीख यांसाठी त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी पोहोचवणाऱ्या एकमेव विमानावर विसंबू नये. उड्डाण कंपनीने रद्द केले तर प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचे पैसे परत मिळतात. बुडालेली परीक्षा परत मिळत नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा वेगळ्या तऱ्हेने लागू होतो. एटीआर विमानात ७० आसने. आठवड्यातून तीन फेऱ्या म्हणजे एका दिशेने २१० जागा. रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या एका स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे विमानाची आठवडाभराची सगळी क्षमता रेल्वेच्या तीन डब्यांएवढी. महापरिनिर्वाण दिनाला विदर्भातून जाणारा जनसमुदाय रेल्वेनेच जातो आणि जाणार. विमानतळ झाला म्हणून त्या दिवसांच्या विशेष गाड्यांची, त्यांच्या वेळेची आणि डब्यांच्या संख्येची मागणी सैल पडता कामा नये.

अकोल्याचे काय?

वऱ्हाडातला जुना विमानतळ खरे तर अकोल्याचा. शिवणीची धावपट्टी १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. पण आज तिथून नियमित प्रवासी विमान नाही. धावपट्टी अपुरी आहे आणि ती वाढवण्याचा प्रश्न शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी जोडला गेला. विस्ताराची मागणी त्यामुळे वर्षानुवर्षे रेंगाळली आहे.

अकोला ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर. एटीआर विमान तिथून सुरू झाले तर बेलोऱ्यापेक्षा आठ-दहा मिनिटे कमी लागतील. तोवर अकोलेकराला बेलोऱ्यापर्यंत रस्त्याने शंभरेक किलोमीटर यावे लागते, तेही पूर्वेकडे, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेने. अकोल्याहून मुंबईला रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत. तिथल्या प्रवाशासाठी बेलोऱ्याचा फायदा आणखी कमी होतो.

उडान योजना आणि आपला पैसा

बेलोऱ्याची सेवा केंद्र सरकारच्या उडान योजनेत आहे. ही योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली उड्डाणाने सुरू झाली. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवाही सुरू झाली. योजनेचा गाभा असा: छोट्या शहरांच्या मार्गावर कंपनीने विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल दरात विकायच्या. त्यामुळे होणारी तूट सरकार भरून देते. तिचा मोठा वाटा केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा. ही मदत तीन वर्षांसाठी असते.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, सवलतीच्या जागा मर्यादित असतात आणि आधी येणाऱ्याला मिळतात. आठ दिवस आधी चौकशी करणाऱ्याला बहुधा महागडीच जागा उरते. त्यामुळे ज्याला आधी माहिती, ज्याच्याकडे आगाऊ पैसे आणि ज्याच्या प्रवासाची तारीख आधीच ठरलेली, त्यालाच ही सवलत मिळते. दुसरी, मदत संपल्यावर किंवा प्रवासी न मिळाल्यास सेवा बंद पडते. गोंदियाला २०२२ मध्ये सुरू झालेली पहिली सेवा काही महिन्यांतच थांबली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा उड्डाण सुरू केले. विमानतळ बांधणे आणि विमान चालू राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या सेवेबद्दल प्रश्न विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे. दरमहा किती प्रवासी गेले, किती फेऱ्या रद्द झाल्या, तूट भरपाई किती दिली गेली, ही माहिती माहिती अधिकाराच्या अर्जाने विमानतळ विकास कंपनीकडे आणि केंद्रीय नागरी विमान मंत्रालयाकडे मागता येते. आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी असा एक अर्ज करावा आणि उत्तर सर्वांसमोर ठेवावे.

मागणी नेमकी काय असावी?

"वरूडलाही विमानतळ द्या" अशी घोषणा कुणी दिली तर टाळ्या मिळतील, पण वर काढलेला हिशोब दुसरीकडे बोट दाखवतो. वरूडकराचा वेळ आकाशात जात नाही. नऊ तासांच्या प्रवासात विमानातले पावणेदोन तास, बाकी सगळा वेळ जमिनीवर जातो. सुधारणा तिथेच हवी.

१. वरूड–मोर्शी–अमरावती–बेलोरा अशी, विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी. विमान उतरल्यावर तीच गाडी परत यावी. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे. गाडी थेट असेल तर ही सवलत विमानतळापर्यंत लागू होईल. नाहीतर शेवटच्या पंधरा किलोमीटरला टॅक्सीवाला सांगेल ते भाडे.

२. वरूडहून काटोलमार्गे नागपूर विमानतळाला पहाटे पोहोचणारी एक गाडी. ती झाली तर मुंबई किंवा दिल्लीचे काम एका दिवसात उरकणे सामान्य घरालाही जमू शकेल.

३. बेलोऱ्याच्या विमानाची वेळ सकाळी जाणे आणि संध्याकाळी येणे अशी असावी, किंवा आठवड्यातले दिवस वाढवावेत. दुपारच्या एका फेरीने कुणाचेही एका दिवसाचे काम होत नाही.

४. नरखेड–बडनेरा रेल्वेमार्ग वरूडवरून जातो. या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा अमरावती आणि बडनेऱ्याहून सुटणाऱ्या मुंबईच्या गाड्यांना जुळवल्या, तर त्याचा लाभ विमानाच्या ७० जागांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना होईल.

या चारही मागण्यांसाठी नवी जमीन लागत नाही, धावपट्टी लागत नाही. लागते ती वेळापत्रकांची जुळणी आणि पाठपुरावा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

- आधार, मतदान ओळखपत्र किंवा तत्सम मूळ फोटो ओळखपत्र सोबत ठेवा. तिकिटावरचे नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.
- तिकिटावर विमान कंपनीने दिलेली काउंटर बंद होण्याची वेळ पाहा. ती उड्डाणाच्या बरीच आधी असते. त्यानंतर पोहोचलात तर विमान समोर उभे असूनही जाता येत नाही.
- सामानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते. छोट्या विमानात ती काटेकोर पाळतात. गावाकडून नातेवाइकांसाठी संत्र्याची पेटी नेत असाल तर आधी वजन करा.
- निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी उड्डाणाची स्थिती कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. तिकिटावर स्वतःचा मोबाईल क्रमांक द्या. दुकानदाराचा दिला तर रद्द झाल्याचा संदेश त्यालाच जातो.

बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्थाही जाहीर झाली आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, वैद्यकीय तपासणी लागते आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, एक सलग दौराही असतो. बेलोरा ते मुंबई एवढेच ते अंतर. प्रशिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात जातो आणि आपल्या मुला-मुलींपुढचा खरा अडसर तोच आहे. या संस्थेत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शुल्कसाहाय्याची तरतूद असावी, ही मागणी आताच करायला हवी. धावपट्टी सार्वजनिक पैशातून झाली आहे, तेव्हा तिच्यावरून कोण उडते हा प्रश्नही सार्वजनिकच आहे.